आगगाडीची गोष्ट कुठून सुरू करावी : १८२५ की १८३०?

मुलांना आगगाडीचा इतिहास सांगायचा, तर इंग्लंडमधल्या १८२५च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेपासून निघावं की १८३०च्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेपासून? आमच्या वाचनालयात पाचवी-सहावीच्या मुलांसमोर मी दोन्ही करून पाहिलंय.

१८२५ची बाजू तशी भक्कम. २७ सप्टेंबरला अभियंता जॉर्ज स्टीफन्सन स्वतः 'लोकोमोशन' हे वाफेचं इंजिन चालवत होता. मागं कोळशाच्या वाघिणी आणि दाटीवाटीनं बसलेली माणसं. पुढं या मार्गावर काही गाड्या घोडे ओढत; उतार आला की घोडा सोडून त्याला मागच्या गाडीत चढवत, मग तोही आरामात उभा राहून प्रवास करी. हे ऐकून मुलं हसून लोळतात.

मला छळलं ते 'पण'नं. वाफेची इंजिनं वापरणारी पहिली सार्वजनिक रेल्वे, असं म्हणावं तर लगेच जोडावं लागे : पण रोजचा प्रवासी डबा १८३३पर्यंत घोडेच ओढत. पण एदर्ली आणि ब्रसल्टनच्या चढांवर वाघिणी दोरानं ओढायला जागेवर बसवलेली इंजिनं होती. पण वेल्समध्ये ट्रेव्हिथिक या अभियंत्याचं वाफेचं इंजिन १८०४मध्येच रुळांवर धावलं होतं. तिसऱ्या 'पण'ला एका मुलीनं विचारलं, "मग पहिली कुठली, काका?" मला धड उत्तर देता आलं नाही. ते मनात राहिलं.

पुढच्या खेपेला १८३० घेतलं. सुरुवात रेनहिलच्या १८२९च्या चाचण्यांपासून, म्हणजे या मार्गासाठी इंजिन निवडायच्या स्पर्धेपासून, बक्षीस ५०० पौंड. ती जिंकणाऱ्या 'रॉकेट' इंजिनाच्या बॉयलरमध्ये आगीचा गरम धूर पाण्यामधून नेणाऱ्या तांब्याच्या २५ नळ्या होत्या. फळ्यावर एक जाड नळी आणि शेजारी २५ बारीक काढल्या, की पाणी कुठं लवकर तापेल हे मुलं स्वतःच सांगतात. मग चॅट मॉसच्या दलदलीवर झुडपांच्या फांद्या अंथरून तरंगता ठेवलेला मार्ग, दुहेरी रूळ, वेळापत्रक. लिव्हरपूलच्या टोकाला इथंही दोर होताच, पण तो एकच 'पण'. उद्घाटनाच्या दिवशीच खासदार हस्किसन 'रॉकेट'खाली सापडून गेले. लहान मुलं असतील तर तेवढं जपून सांगावं.

शिवाय १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी इंजिनं ज्या व्हल्कन कारखान्यात घडली, तो याच मार्गाजवळ, न्यूटन-ले-विलोजला. नकाशावर तिथं बोट ठेवलं की मुलं पुढं सरकून बसतात.

चंद्रपूर-वणीकडच्या, कोळशाच्या वाघिणी रोज पाहणाऱ्या मुलांना कदाचित १८२५च जवळचं वाटेल. मी घोडा मात्र सोडलेला नाही. १८३० सांगून झालं की शेवटची पाच मिनिटं त्याची.