उडालेला फ्यूज शोधायचा: उपसून बघायचा की टेस्ट लॅम्प लावायचा?

परवा गाडीतलं चार्जिंग सॉकेट बंद पडलं, म्हटलं फ्यूजच असणार. माझी जुनी पद्धत म्हणजे स्टेअरिंगखालचं झाकण काढायचं, मोबाईलचा टॉर्च दातात धरायचा आणि चिमट्याने एकेक फ्यूज उपसून उजेडात बघायचा, आतली पट्टी तुटलेली दिसली की सापडला चोर. खर्च शून्य, पण मान अवघडते, आणि दोन-तीन फ्यूज एकदम काढले की कुठला कुठे होता हेच विसरायला होतं. शिवाय बारीक तडा असेल तर डोळ्याला दिसतही नाही.

टेस्ट लॅम्पचं (म्हणजे टोकदार सुई, मुठीत छोटा दिवा आणि मागे क्लिपची वायर) काम भारी आहे. क्लिप बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावायची, चावी ऑन करायची, आणि फ्यूजच्या डोक्यावर जी दोन उघडी टोकं असतात तिथे टोचायचं. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालाय, कुठेच नाही लागला तर सप्लायच येत नाहीये. काहीच उपसायला लागत नाही. (घरातला लाईनचा टेस्टर इथे चालत नाही हां, १२ व्होल्टला तो पेटतच नाही.)

घरी एकच फ्यूज बघायचा असेल तर उपसा, झाकणावर नकाशा असतोच. बाकी मी लॅम्पवाला.

बदलताना मात्र चावी बंद, आणि निळ्या १५ अँपिअरच्या जागी निळाच, हिरवा ३० चा ठोकून दिलात तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. नवीनही लगेच उडाला तर शॉर्ट शोधा.