घरच्या डागकामाला टॉर्च कोणता: लायटरच्या गॅसचा की फुंकणीचा?

पैंजणाची कडी तुटली, जोडव्याला चीर गेली, असल्या बारीक डागकामासाठी, म्हणजे चांदी तापवून सांधण्यासाठी, कावया (कथलाने जोडायचं तापतं हत्यार) मी मोजतच नाही. त्याचं कथील 190 अंशांच्या आसपास वितळतं आणि जोड दिसायला छान बसतो, पण पायातल्या रोजच्या हिसक्यांना टिकत नाही. शिवाय कथील-शिसं लागलेली चांदी पुन्हा आचेवर धरली की ते आत उतरतं आणि खड्डे पडतात. असा दागिना पुढे नेला की सोनार तोंड वाकडं करतो ते उगीच नाही. नकली दागिन्यांना मात्र कावयाच बरा. जस्ताचा ओतीव तुकडा टॉर्चखाली धरलात तर जोडाआधी तोच वितळेल.

उरले दोन. लायटरचा गॅस भरायचा पॉकेट टॉर्च, आणि सोनारांकडे असतो तो फुंकणीचा, म्हणजे एका नळीतून गॅस आणि दुसऱ्या रबरी नळीतून आपली फुंकर.

पॉकेट टॉर्च सोयीचा आहे, यात वाद नाही. बटण दाबलं की पेटतो, काम झालं की खणात जातो. चमकी, जोडवी, बारीक कड्या यांना त्याची आच पुरते. जाड वाळ्याला मात्र तो दमतो. चांदी उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे नुसता जोड तापवून भागत नाही, अख्खा दागिना तापवावा लागतो. तोवर टाकीतला गॅस गार पडून ज्योत बारीक होत जाते.

हेही मी चालवून घेतलं असतं. वैताग आणला तो डागाच्या तुकड्याने, म्हणजे चांदीआधी वितळून जोड सांधणाऱ्या मिश्रधातूच्या तुकड्याने. जोडाला ओली सवागी (टाकणखार) लावायची, वर तिळाएवढा डाग ठेवायचा, इथवर ठीक. सवागी तापली की आधी लाहीसारखी फुगते, आणि नेमकी तेव्हा आच मऊ हवी असते. पॉकेट टॉर्चचा गॅस कितीही कमी करा, झोत टोकदारच. तुकडा उडून कोळशावर पडतो, नाहीतर फुगलेल्या सवागीवरून घसरून भलतीकडेच चिकटतो. चिमट्याने उचला, पुन्हा सवागी लावा, पुन्हा तेच. तोवर चांदी काळवंडलेली असते.

फुंकणीत ही कटकट जवळपास संपते. आधी फुंकर न मारता पिवळी, ढिली ज्योत वरून फिरवायची. सवागी फुगते, बसते, वितळून चकचकीत होते आणि तुकड्याला धरून ठेवते. मग फुंकर वाढवायची. साधारण 700 ते 750 अंशांना डाग पाघळून जोडात धावतो. शुद्ध चांदी 961 ला वितळते, दागिन्याची त्याच्या बरीच आधी मऊ पडते, म्हणजे फार सवड नसते. पण डाग चमकला की त्याच क्षणी फुंकर थांबवता येते. बटण सोडण्यात ही नजाकत मला तरी जमली नाही, एखाद्याला जमतही असेल.

अडचणी आहेतच. नाकाने श्वास घेत गालांतून सलग फुंकायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, तेव्हा पाच किलोचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो ठेवायला हवेशीर जागाही हवी. पंखा दोन्हींत बंद ठेवावा लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि डाग कॅडमियम नसलेलाच मागा. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक आहे.

वर्षातून एखादी कडी जोडायची असेल तर पॉकेट टॉर्च घ्या, मी नाही म्हणणार नाही. हात बसवायचा असेल, घरातल्या चार जणींचे पैंजण तुमच्याकडेच येणार असतील, तर फुंकणीचा विचार करून बघा. मोती, मीना आणि काळे मणी मात्र दोन्हींपासून लांब ठेवा. मंगळसूत्र तर सोनाराकडेच न्या. आमच्या घरी मला अजून त्याला हात लावायची परवानगी नाही.