फोटोरेक: फाइली मिळतात, नावं मिळत नाहीत

फोटोरेक हे गेलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दिसायला भयाण आहे. तरीही पेनड्राइव्हवरचं दुसरं काहीच हाताला लागत नाही, तेव्हा मी त्याच्याकडेच जाते. साताऱ्यात माझं डीटीपीचं काम आहे. पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि अधूनमधून एखादा कुलवृत्तांत. गिऱ्हाईक मजकूर अजूनही पेनड्राइव्हवरच आणतं, त्यामुळे 'ताई, उघडतच नाही हो' हे मी नेहमी ऐकते. ज्या कामावर हे सॉफ्टवेअर खरं कसाला लागलं, त्याबद्दल लिहिते.

एक निवृत्त काका त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेऊन आले. नातेवाइकांच्या गावोगाव जाऊन भिंतीवरच्या तसबिरींचे मोबाइलवर फोटो काढलेले, आणि प्रत्येक फाइलीला मराठीत पूर्ण नाव: घराणं दुसरं, पिढी सातवी, अमुक तमुक. सोबत वर्डच्या फाइली. सगळं १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर, एकही फोल्डर न करता, उघड्यावर टाकलेलं. लावला की विंडोज म्हणायचं, आधी फॉरमॅट करा. भाचा म्हणे, 'मामा, करून टाका, नंतर रिकव्हर होतं.' काकांनी ऐकलं नाही हे नशीब. दुखऱ्या पेनड्राइव्हवर काहीही लिहायचं नसतं. फॉरमॅट नाही आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन, तर मुळीच नाही. चेकडिस्क दुरुस्तीच्या नावाखाली तुकडे गोळा करून त्यांच्या सीएचके फाइली बनवून ठेवतं, आणि ते सगळं त्याच पेनड्राइव्हवर.

म्हणून पहिलं काम फोटोरेकचं नव्हेच. आधी उबुंटूवर (विंडोजऐवजी वापरतात ती लिनक्स प्रणाली) जीएनयू डीडीरेस्क्यू लावून अख्ख्या पेनड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल, संगणकावर उतरवून घेतली. हा अंतोनियो दियाझ दियाझ यांचा प्रोग्रॅम. जे नीट वाचता येतं ते तो आधी उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि मग त्यांच्यामागे लागतो. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलीत राहते, त्यामुळे पेनड्राइव्ह तापून मधेच बंद पडला तरी, थंड झाल्यावर तिथूनच पुढे जाता येतं. आमचा पडायचाच. शेवटी सुरुवातीचा थोडा भाग सोडून बाकी सगळं उतरलं.

पण गोम त्या सुरुवातीच्या भागातच होती. एफएटी३२ ही फाइली मांडायची पद्धत असलेल्या पेनड्राइव्हमध्ये बूट सेक्टर, म्हणजे मांडणीची माहिती ठेवणारा पहिला कप्पा, अगदी आरंभी असतो, त्याची राखीव प्रत सहाव्या सेक्टरवर, मग फाइलींचे तुकडे कुठे आहेत ते सांगणारे एफएटीचे दोन तक्ते, आणि सहसा लगेच मुख्य यादी, जिच्यात नावं असतात. काकांनी फोल्डर केले असते तर त्यांच्या याद्या पुढे डेटात विखुरलेल्या सापडल्या असत्या. इथे सगळी नावं एकाच यादीत आणि ती यादी नेमकी खराब जागेत. फोटोरेकचं जुळं भावंड टेस्टडिस्क एरवी अशा वेळी नावांसकट फोल्डर दाखवतं, म्हणून मी ते नेहमी आधी चालवते. या वेळी त्याने हात टेकले.

फोटोरेकला यादीची गरजच नसते. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम फाइलीची सुरुवात ओळखतो. जेपीजी म्हटलं की पहिले बाइट ठरलेले, पीडीएफचे ठरलेले. ४८० हून जास्त एक्स्टेन्शन त्याला ओळखू येतात. प्रतिमा संगणकावर असली तरी ती पेनड्राइव्हसारखीच देता येते. फोटोरेक चालतो त्या नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर त्याच डाउनलोडमध्ये क्यूफोटोरेक येतं. त्यात माउस चालतो, ते घ्या. फाइलींच्या प्रकारांत फक्त हवे तेवढेच ठेवा, नाहीतर कचऱ्याचा ढीग होतो. आणि मिळालेल्या फाइली ठेवायची जागा दुसऱ्या डिस्कवर द्या.

निकाल? फोटो जवळपास सगळे आले, आणि बरेचसे धडधाकट. तुकड्यातुकड्यांत साठलेल्या काही फाइली अर्ध्या आल्या, म्हणजे पणजोबांची पगडी दिसते आणि खाली राखाडी पट्टा. ही फोटोरेकची मर्यादाच आहे, सलग फाइल त्याला नीट जमते. वर्डच्या फाइली उघडल्या. मात्र जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइलींत 'गोत्र' असं शोधून काही सापडत नाही, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. त्या एकेक उघडूनच बघाव्या लागल्या.

आणि नावं! पाचशे-पाचशे फाइलींचे फोल्डर, प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे 'एफ' आणि पुढे आकडे. त्यांच्याशेजारी 'टी'ने सुरू होणारे बारके फोटो, ते मोठ्या फोटोंच्या पोटातून काढलेले थंबनेल, बिनधास्त उडवा. लग्नाच्या फोटोंना हे चालतं, चेहरे ओळखीचे असतात. कुलवृत्तांतात नाव गेलं तर उरतं काय? नऊवारीतल्या दहा बायका, सगळ्यांच्या कपाळावर आडवी चिरी, कुणाची कोण हे देव जाणे.

इथे फोटोरेकने एक चांगुलपणा केला. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहून ठेवलेली तारीख-वेळ तो फाइलीला लावतो. तारखेने लावल्याबरोबर फोटोंचे गठ्ठे पडले: एका दुपारी एका घरातले सगळे एकत्र. काकांकडे प्रवासाची डायरी होती. कोणत्या तारखेला वाई, कोणत्या तारखेला कऱ्हाड, कुणाकडे जेवलो, सगळं लिहिलेलं. डायरी मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले आणि धडाधड सांगत सुटले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत मात्र ती तारीख नसते. ते गठ्ठ्याबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी काकांनी पुण्याच्या आत्याबाईंना फोन लावला. त्यांनी नावांबरोबर दोन जुनी भांडणंही सांगितली. ती छापायची नाहीत असं ठरलं.

चुकून डिलीट झालेल्या फाइली आणि पेनड्राइव्ह ठणठणीत, असं असेल तर विंडोजवर रिकुवा हे दुसरं रिकव्हरी सॉफ्टवेअर जास्त सोयीचं, नावंही बहुधा मिळतात. पैसे मागणारी सॉफ्टवेअरं यादी फुकट दाखवतात आणि फाइल वाचवायची वेळ आली की किंमत सांगतात. मला त्यांचा राग नाही, पण यादीच मेलेली असेल तर त्यांनाही फोटोरेकसारखंच बाइट ओळखत बसावं लागतं. आणि पेनड्राइव्हची क्षमता शून्य दाखवत असेल किंवा 'डिस्क घाला' असं येत असेल, तर आतला कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार बघणारा भाग, बहुधा गेलेला असतो. तिथे कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही, चिप काढून वाचणारी लॅब गाठायची. नुसतं तोंड तुटलं असेल तर चार तारांचं काम, मोबाइल दुरुस्तीवाला सोल्डर करून देतो. नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच गोळ्यात असतात, तिथे लॅबवालेसुद्धा जास्त पैसे सांगतात.

गुण द्यायचे तर फाइली काढण्याला पाचपैकी साडेचार, वापरायच्या सोयीला दोन. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाकडून मी त्याचे पैसे घेत नाही. नावं लावत बसण्याच्या वेळेचे घेते, आणि ते आधीच सांगते.