परसातलं काँक्रीटचं अंगण: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

अंगण ओतून एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उलटला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. १५ बाय १२ फूट, जाडी ४ इंच. वापरायला झकास आहे. पण बजेट मांडत असाल तर लक्षात घ्या, काँक्रीटचा हिशेब सर्वांत सोपा असतो. पैसा जातो तो त्याच्या खाली.

१८० चौरस फुटांवर ४ इंच म्हणजे ६० घनफूट, जेमतेम १.७ घनमीटर. एम-२० (काँक्रीटची एक नेहमीची प्रत) साठी घनमीटरमागे ५० किलोच्या आठेक गोण्या सिमेंट धरलं की चौदाएक गोण्या होतात. वर ५ ते १० टक्के नासाडी. ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो तो बहुतेक वेळा एवढ्याचाच. खोदाई, मुरूम, धुमसणं, कडेच्या फळ्या हे सगळं ‘एक्स्ट्रा’. अंगण जमिनीलगत हवं असेल आणि खाली ४ इंच मुरूम घालायचा असेल, तर ८ इंच खोदावं लागतं. त्यातून १२० घनफूट माती निघते, मोकळी झाली की फुगते ती वेगळीच. ती कोण उचलणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. आम्हाला आलेल्या सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये तर भरावाचा उल्लेखच नव्हता!

ओल्या काँक्रीटवर साचा दाबून उठवलेल्या छापाच्या डिझाइनवर मी फुली मारली, कारण त्याला ठरावीक वर्षांनी पुन्हा सीलर (वरचा संरक्षक लेप) मारत बसावं लागतं. साधा झाडू फिरवलेला पृष्ठभाग ओल्या पायांनाही घसरत नाही. रेघांत धूळ मात्र बसते आणि नुसत्या केरसुणीला दाद देत नाही.

तडा जायचाच तर ठरल्या रेषेत जावा म्हणून कटरने मारलेल्या सांध्यांचे पैसे वसूल झाले. मधोमध उभा-आडवा काप, खोली १ इंच. जाडीच्या पाव भाग तरी हवीच. पहिला तडा गेला तो कापाच्या तळाशी, वरून दिसतही नाही. ‘लोखंडी जाळी टाकली की तडे जात नाहीत’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. जाळी तडा थांबवत नाही, फाकू देत नाही. तीही जमिनीवर लोळत राहिली तर नुसती पुरलेली.

ढाळ घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच, म्हणजे १२ फुटांत ३ इंच. खुर्चीत बसल्यावर जाणवत नाही. मुसळधार पावसातही पाणी भिंतीकडे आलं नाही. एका कोपऱ्यात घोटाई कमी पडली, तिथे पाण्याचा पातळ थर राहतो आणि शेवाळ धरतं. ते घासावं लागतं.

ओतलेलं काँक्रीट निदान ७ दिवस ओलं ठेवायचं, त्यासाठी पाणी आणि माणूस धरा. गाडी लावणार असाल तर ४ इंच विसरा, ५-६ इंच आणि तसाच भक्कम भराव लागेल.

आणि हो, भर उन्हात यावर अनवाणी उभं राहवत नाही. सावलीसाठी छप्पर पुढेमागे घालायचं मनात असेल, तर खांबांचे पाये अंगण ओतायच्या आधी भरून घ्या. नंतर म्हणजे तोडफोड आली.