स्फटिकगोल, लोलक, टाकायचे खडे की ताईत: दगडांचा कौल घेऊ पाहणाऱ्यासाठी तुलना

दगडांचा कौल घ्यावा असे मनात आले की बहुतेक जण आधी दगड निवडायला बसतात: जांभळा ॲमेथिस्ट बरा की काळा ऑब्सिडियन, पारदर्शक बरा की रंगीत. माझ्या मते आधी पद्धत ठरवावी आणि दगड मागाहून निवडावा, कारण एकाच जातीचा स्फटिक गोल घडवून समोर ठेवला, दोऱ्याला टांगला किंवा उशाखाली ठेवला, तर तिन्ही वेळा तो माणसाकडून अगदी निराळे काम करून घेतो. लोकपरंपरेत दगडांचे उपयोग असंख्य आहेत. परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्यापुढे प्रत्यक्षात चार वाटा असतात. गोलात किंवा काळ्या आरशात टक लावून पाहणे, लोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला दगड, धरून प्रश्न विचारणे, खडे टाकून त्यांची मांडणी वाचणे आणि दगड ताईत म्हणून जवळ बाळगणे. या चारही वाटांवर मी बराच काळ घालवला आहे. दगडाला पुढचे दिसते असे मी मानत नाही, हे आरंभीच सांगते; मात्र नीट वापरलेला दगड माणसाला स्वतःशी खरे बोलायला लावतो, हे मी अनुभवाने मानते आणि पुढची तुलना त्याच कसोटीवर केली आहे.

सर्वांत जास्त आकर्षण असते ते स्फटिकगोलाचे. स्फटिकासाठी असलेला मूळ ग्रीक शब्द बर्फाचाही वाचक होता, आणि पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याचीही समजूत अशीच होती की अतिशय कडक थंडीत गोठलेल्या पाण्याचा स्फटिक होतो. सहाव्या शतकातील फ्रँक आणि अँग्लो-सॅक्सन स्त्रियांच्या काही थडग्यांत चांदीच्या पट्ट्यांत बसवलेले स्फटिकगोल सापडले आहेत, पण ते पाहण्यासाठी होते, बाळगण्यासाठी होते की केवळ प्रतिष्ठेचे दागिने होते, हे त्या थडग्यांवरून ठरत नाही. पाहण्याच्या पद्धतीची खरी तपशीलवार नोंद मिळते ती सोळाव्या शतकातील इंग्लंडचा गणितज्ञ जॉन डी याच्या दप्तरात. त्याच्याशी जोडला जाणारा काळा आरसा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या नैसर्गिक काचेचा आहे, आणि तो दगड मेक्सिकोतील पाचुका परिसरातला असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीतून दिसून आले. नव्या माणसाने मात्र त्या दप्तरातून वेगळीच गोष्ट उचलावी. डीला स्वतःला फारसे काही दिसत नसे. पाहण्याचे काम एडवर्ड केली करी आणि डी ते लिहून घेई. पाहणे आणि लिहिणे ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी करू गेल्यास दोन्ही बिघडतात, हे मला ही नोंद वाचण्याआधी वर्षभर धडपडून कळले होते.

गोलात दिसते ते काय असते? मंद उजेडात एकाच बिंदूवर नजर स्थिर ठेवली की कडेच्या गोष्टी हळूहळू पुसट होत जातात, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर याने १८०४ सालीच नोंदवले होते. इटलीतील मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापूतो यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की अंधूक प्रकाशात आरशातील स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्यास अनेकांना थोड्याच वेळात तो चेहरा बदललेला, अनोळखी, कधी मृत आप्तासारखा दिसू लागतो. याचा अर्थ गोलातील दृश्य खोटे सांगितले जाते असा नाही. ते खरोखर दिसते, फक्त ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी आणि मनाने रचलेले असते. म्हणूनच ही वाट सर्वांत श्रीमंत आहे आणि सर्वांत संथही. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे द्यावी लागतात आणि पहिल्या अनेक बैठका कोऱ्या जातात. नुकताच शोक झालेल्या किंवा झोप बिघडलेल्या माणसाने हिच्या वाटेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या अवस्थेत जे दिसते ते झेपत नाही.

गोल घ्यायचाच असेल तर खरा स्फटिक (क्वार्ट्झ) आणि काच यांतील फरक हाताने ओळखता येतो. कागदावर एक बारीक रेघ ओढून तिच्यावर गोल ठेवावा आणि तो सावकाश फिरवत वरून पाहावे. गोल स्फटिकाचा असेल तर काही कोनांतून त्या एका रेघेच्या दोन रेघा दिसतात, काचेतून ती कोणत्याही कोनातून एकच राहते. आत गोल बुडबुडा दिसला तर ती काचच समजावी. ८ सेंटिमीटर व्यासाचा स्फटिकगोल सुमारे ७१० ग्रॅम भरतो आणि गालाला लावला तर काचेपेक्षा गार लागतो. एवढे सांगूनही माझे मत असे की पाहण्यासाठी काचेच्या गोलाने काहीही बिघडत नाही, आणि नवख्याला तर दोन्हींपेक्षा काळा आरसा सोपा पडतो. पारदर्शक गोलात सगळी खोली उलटी होऊन उभी राहते, मेणबत्तीची ज्योत खाली डोके करून हलत असते आणि नजर तिच्यामागेच जाते. काळा पृष्ठभाग किंचित कलता, म्हणजे स्वतःचा चेहरा त्यात येणार नाही असा ठेवला, तर नजरेपुढे नुसता खोलपणा उरतो. आणखी एक धोका आहे. प्लिनीच्या काळी वैद्य स्फटिकगोलातून ऊन एकवटून त्याने डाग देत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपल्या ८ सेंटिमीटरच्या गोलाचा उन्हाचा बिंदू त्याच्या पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरच्या आतच पडतो, म्हणजे नेमका खाली अंथरलेल्या कापडाजवळ. खिडकीत उघडा ठेवलेला गोल घर पेटवू शकतो. वापर झाला की तो गुंडाळून ठेवावा.

लोलकाची गोष्ट अगदी उलट आहे. दोऱ्याला बांधलेला कोणताही लहान दगड चालतो, शिकायला दहा मिनिटे पुरतात आणि उत्तर लगेच मिळते: पुढे-मागे म्हणजे होय, आडवे म्हणजे नाही. हेच त्याचे बलस्थान आणि हाच त्याचा दोष. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शव्हरोल याने याचा छडा लावला आणि १८३३ मध्ये आम्पेर या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या खुल्या पत्रात तो प्रसिद्ध केला. त्याच्या हातातील लोलक पाऱ्यावर धरला की झुले. त्याने हाताला आधार दिला तेव्हा झोका कमी झाला, आणि डोळे बांधून घेतल्यावर तो झोका उरला नाही. बोटांची अतिसूक्ष्म, आपल्याला न जाणवणारी हालचाल लोलक मोठी करून दाखवतो. २० सेंटिमीटर दोऱ्याचा लोलक सुमारे ०.९ सेकंदात एक पूर्ण झोका घेतो आणि बोट त्या तालात केसभर हलले तरी झोका वाढत जातो. या आपसूक हालचालीला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने १८५२ मध्ये ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले.

मी हे वाचून लोलक टाकून दिला नाही, पण त्याला विचारायचे प्रश्न बदलले. ‘मला हे काम खरोखर हवे आहे का’ हा प्रश्न लोलकाला विचारण्यासारखा आहे, कारण उत्तर बोटांपाशी, म्हणजे आपल्यापाशीच असते. ‘ती व्यक्ती खोटे बोलते आहे का’, ‘हे औषध घेऊ का’, ‘हरवलेली वस्तू कुठे आहे’ हे प्रश्न त्याला विचारू नयेत. तिथे तो आपली भीती किंवा आपली आशाच परत करतो आणि तीही निवाड्याच्या सुरात. ज्यांना दिवसभरात दहादा शकुन विचारल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी ही वाट पूर्णपणे टाळावी. चारही पद्धतींत सवय जडण्याचा धोका मला हिच्यातच सर्वांत जास्त दिसला आहे.

खडे टाकण्याच्या पद्धतीकडे मात्र माझा उघड कल आहे. दगडाला बोलते करण्याची कल्पना फार जुनी आहे; ग्रीक भाषेतील एका प्राचीन रत्नकाव्यात ट्रॉयचा भविष्यवेत्ता राजपुत्र हेलेनस एका दगडाला तान्ह्या बाळासारखा न्हाऊमाखू घालतो, हातांवर झुलवतो आणि मग तो दगड बाळाच्या आवाजात रडतो, असे वर्णन आहे. आज रूढ असलेली रीत साधी आहे. वाटाण्याहून थोडे मोठे, बोटांना वेगवेगळे ओळखू येतील असे खडे घ्यायचे; तेरा खड्यांचा संच पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण सात खड्यांनी सुरुवात केली तरी चालते. प्रत्येकाला एक अर्थ नेमून द्यायचा: एक स्वतःचा, बाकीचे घर, काम, पैसा, प्रकृती, प्रवास, अडथळा अशा अर्थांचे. जाड कापडावर दोरीचे साधारण वीतभर त्रिज्येचे वर्तुळ करायचे, प्रश्न मोठ्याने बोलायचा आणि ओंजळ सोडायची. स्वतःच्या खड्याला कोण चिकटून पडले, दोघांच्या मध्ये कोण आले, कोण वर्तुळाबाहेर गेले, एवढेच आधी वाचायचे. अर्थाचा फुलोरा नंतर.

अर्थ कोष्टकातून उचलू नयेत, स्वतः नेमावेत, असा माझा आग्रह आहे. एका मोठ्या निर्णयाच्या वेळी माझा प्रवासाचा खडा, दुधी रंगाची एक चपटी गारगोटी, कापडावरून घरंगळत थेट जमिनीवर गेली आणि विचार करण्याआधीच माझा हात तिला उचलून वर्तुळात ठेवायला पुढे झाला. तो हात मी हवेतच थांबवला. त्या आठवड्यात कुणाच्याही सल्ल्याने कळले नव्हते ते मला तिथे कळले: मला जायचेच होते. अशी जागा लोलकात सापडत नाही, कारण तिथे हात आधीच लपलेला असतो. गोलात ती सापडते, पण महिन्यांनी. खड्यांची मांडणी डोळ्यांसमोर पसरलेली राहते, तिचे चित्र काढता येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येते आणि पहिल्या वाचनातील आपली ओढाताणही तेव्हा दिसते. खडे मात्र टणक असावेत. गारगोटी, अकीक, जॅस्पर यांची कठीणता मोहस मापावर, म्हणजे खनिजांची कठीणता १ ते १० मध्ये मांडणाऱ्या मापावर, ७ च्या आसपास असते. फ्लोराइट ४ आणि कॅल्साइट ३ असल्याने त्यांचे कोपरे महिन्याभरात झडू लागतात. अगदी गोल खडे फार घरंगळतात, म्हणून थोडे चपटे निवडावेत.

हीच पद्धत इतरांसाठी वापरायची असेल तर एक गोष्ट आधी पचवावी लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. समोरची व्यक्ती ‘अगदी बरोबर’ म्हणाली म्हणून आपले वाचन बरोबर ठरत नाही. दुसऱ्यासाठी खडे टाकताना मी अर्थ सांगत नाही, फक्त मांडणी दाखवते आणि त्यांना काय दिसते ते विचारते.

ताईताची वाट यांपैकी कशाशीच स्पर्धा करीत नाही, कारण तिथे प्रश्नच विचारायचा नसतो. पाण्याने आपोआप भोक पडलेला दगड तबेल्याच्या दारावर टांगणे, हलवल्यावर आतून खुळखुळणारा ‘गरुडदगड’ गर्भवतीच्या अंगावर बांधणे, बेडकाच्या डोक्यातला मणी म्हणून लेपिडोट्स या लुप्त माशाचे जीवाश्म दात अंगठीत बसवणे, विजेबरोबर पडलेला दगड म्हणून अश्मयुगीन कुऱ्हाड घरात ठेवणे, या युरोपातील प्रथा शतकानुशतके चालल्या. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी ८० जणांच्या हातात खरे किंवा नकली स्फटिक देऊन त्यांना काय जाणवते ते विचारले, तेव्हा दोन्ही गटांच्या अनुभवांत फरक आढळला नाही. आधी काय जाणवेल ते ज्यांना सांगितले होते त्यांना मात्र ते जास्त जाणवले. म्हणून ताईतासाठी महाग दगड घेण्यात अर्थ नाही. ज्याला कौल नको, केवळ कठीण दिवसांत मुठीत धरायला काहीतरी हवे आहे, त्याने ही वाट घ्यावी, आणि स्वतः वेचलेला दगड घ्यावा.

विकत घेतानाची सावधगिरी चारही वाटांना सारखीच लागू आहे. सिट्रीन म्हणून विकले जाणारे बरेचसे खडे तापवून पिवळे केलेले ॲमेथिस्ट असतात, फिरोज्याच्या नावाखाली रंगवलेला हाउलाइट हा मूळचा पांढरा दगड येतो आणि चमचमता ‘गोल्डस्टोन’ ही काच असते. दगड उन्हात ठेवून ‘भारावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण जास्त ऊन मिळाल्यास ॲमेथिस्टचा जांभळा रंग फिका पडतो. चांदण्यात ठेवण्याने काही नुकसान नाही. सेलेनाइट म्हणजे जिप्समच, तो नखानेही ओरखडतो आणि पाण्यात विरघळू लागतो. दगड घातलेले पाणी पिण्याची प्रथा मी सरळ धोकादायक म्हणेन: हिंगुळात पारा असतो, मनशीळ आणि हरताळ यांत आर्सेनिक, गॅलेनात शिसे, मॅलेकाइटमध्ये तांबे, आणि सुंदर दिसणाऱ्या अनोळखी खड्यात काय आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही.

अजूनही निर्णय होत नसेल तर सात खडे आणि एक वही घेऊन तीन महिने काढावेत. वहीत तारीख, प्रश्न आणि मांडणीचे चित्र त्याच बैठकीत उतरवावे आणि पुढे काय घडले ते लिहिण्यासाठी खाली चार ओळी मोकळ्या सोडाव्यात. तीन महिन्यांनी त्या भरताना ज्या मांडण्यांचा आपण काढलेला अर्थ साफ चुकला, त्यांची पाने फाडू नयेत. गोलाकडे वळायचे की खड्यांपाशीच थांबायचे, हे मी माझ्या वहीतल्या तशा पानांवरूनच ठरवले.