लो मेंटेनन्स घरात नऊ महिने: आखाजी ते संक्रांत

आमच्या कॉलनीत तीन घरं अजून विकायची आहेत. रविवारी बघायला येणारे साइटवरच्या माणसाला सोडून आमची बेल वाजवतात. "दादा, राहून कसं वाटतं?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

जळगाव जिल्ह्यात अमळनेरला गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोन बेडरूमचं रो-हाऊस आहे. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहायला आलो. व्हिट्रिफाइड फरशी, ग्रॅनाइटच्या चौकटी, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, पुढे पेव्हर ब्लॉक. 'लो मेंटेनन्स' ही थाप नाही. गावी बेटावदला आमच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात मृगाआधी वर खारी माती टाकायची, तरी जुलैत कुठेतरी पातेलं ठेवावंच लागायचं. ती कटकट संपली. आई ओल्या फडक्याने अर्ध्या तासात घर पुसून मोकळी होते.

पण मे महिना. आमचं दार पश्चिमेला. बाहेर ४४ अंश, दुपारी चारला हॉलच्या भिंतीला हात लावला तर चटका, आणि स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हाई घर शे का भट्टी?" धाब्याच्या जाड मातीखाली झोपलेल्या बाईला काय उत्तर देणार! बरं, कूलर लावावा तर सरकती खिडकी अर्धीच उघडते. कूलरचं तोंड मावेना. शेवटी सुताराकडून एक झडप काढून प्लाय ठोकला आणि फटीत जुनी गोधडी कोंबली. पाऊण महिना एवढ्या चकाचक घराचं दर्शनी रूप म्हणजे ती गोधडी होती. जूनच्या तोंडावर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारला. रात्रीचा फरक लगेच जाणवला. हे बिल्डरनेच करून द्यायला हवं होतं, पण घराचा नकाशा बहुधा पुण्यात बसून काढलेला.

जुलैत पेव्हर ब्लॉक खचले. मोटारसायकल उभी केली की स्टँड खाली जायचं आणि गाडी कलंडायची. इकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. खाली मुरूम नीट दाबून भरला नाही तर वरचं काही टिकत नाही. मिस्तरीने पहारीने उकरून दाखवलं: "भाऊ, मुरूम चार बोटंपण नही." बिल्डरचं म्हणणं, पाऊस जास्त झाला. मग रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याचं कलम १४ लिहून पत्र दिलं: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पत्रानंतर माणसं आली. तोंडी भांडू नका, लेखी द्या.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसवली. गावाकडे त्याआधी आठ दिवस रंगरंगोटी चालायची. इथे नुसत्या भिंती पुसल्या. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, खायला भाऊबंदकीची पस्तीस माणसं. सांडलेलं तूप फरशीवरून लगेच निघालं. पण पुढे ओटा नाही. बायका पायऱ्यांवर अवघडून बसल्या, काकू सरळ दारातच. संध्याकाळी येता-जाता कोणी टेकावं अशी जागाच या घरात नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

बोअरचं पाणी जड. शॉवरची भोकं दोन महिन्यांत बुजली, रात्रभर लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की मोकळी होतात. गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, केंद्राच्या योजनेतून ७८ हजार सबसिडी मिळाली. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते, पावसाळ्यात बरीच कमी. धूळ मात्र दर पंधरवड्याला धुवावी लागते, तीही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग धरतात. पॅनेल लावताना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायला एक कोपरा आईने हट्टाने सोडवून घेतला.

आता उरलेल्या घरांबद्दल. दोन समोरच्या ओळीत आहेत. त्यांचं दार पूर्वेला, म्हणून पाच टक्के जास्त सांगतात. पण त्यांची मागची बाजू पश्चिमेला, आणि मागे स्वयंपाकघर. मे महिन्यात संध्याकाळच्या भाकरी त्या उन्हात थापायच्या आहेत, तेव्हा घरात भाकरी कोण थापतं त्यांनाच आधी तिथे उभं करा. आमच्या ओळीतलं उरलेलं मधलं घर दोन्ही बाजूंनी भिंतीआड आहे, दुपारचं ऊन फक्त पुढून खातं. मी आज घेतलं असतं तर तेच. पैसे द्यायच्या आधी पेव्हरखालचा मुरूम उकरून बघून.