गच्चीचा पांढरा परावर्तक रंग : तिसऱ्या उन्हाळ्यातला अनुभव

आमच्या इमारतीच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग देऊन आता तिसरा उन्हाळा चालू आहे. घेण्याआधी ज्या गोष्टी मला कुणीतरी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहिते.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दुपारपेक्षा रात्र जड जायची. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की तीच उष्णता घरात सोडत राहतो. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागायचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. वय झालं की घाम कमी येतो, तहानही वेळेवर लागत नाही. त्यात पंख्याने गरम हवाच फिरत राहायची. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, हे मी वाचलं होतं. तो आकडा डोक्यातून जात नव्हता.

त्यांच्या खोलीत एसी बसवता आला असता. पण एसी उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर फेकतो, आणि बाहेर म्हणजे मागच्या बोळात, खालच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोर. वीज कोळशाची असेल तर धूर वेगळाच. रंगाचं तसं नाही: घर गार राहतं आणि वीजही कमी लागते. म्हणून नऊही घरांनी मिळून पूर्ण गच्ची रंगवायचं ठरवलं, वरच्या सामाईक हॉलसकट. ज्यांच्या घरात दुपारी बसवत नाही, त्यांनी हॉलमध्ये येऊन बसावं हा हेतू.

डबा निवडताना नुसता पांढरेपणा पाहू नका, ‘एसआरआय’ हा आकडा शोधा. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरून हे माप काढतात; चांगला रंग शंभराच्याही थोडा वर जातो. पृष्ठभाग किती ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता किती सहज सोडून देतो, हे दोन्ही त्यात येतं. शक्य असेल तर तीन वर्षं उन्हापावसात राहिल्यावरचा आकडाही मागा, कारण नवा रंग सगळ्यांचाच चकचकीत असतो.

परिणामाबद्दल सांगायचं तर, मी कठड्यालगत हातभर पट्टा मुद्दाम न रंगवता ठेवला होता. पहिल्या उन्हाळ्यात, हवा ३९ अंश असताना, दुपारी दोन वाजता तापमापक बंदूक धरली: कोरा पट्टा ६१, रंगवलेला भाग ४३. (ही बंदूक चकाकत्या पत्र्यावर किंवा स्टीलवर धरू नका, खोटं कमी दाखवते.) घरातली हवा आधीपेक्षा तीनेक अंशांनी उतरली. पण मला खरा फरक कळला तो रात्री. छताला हात लावला तर भिंतीसारखंच लागलं. सासूबाई त्या उन्हाळ्यात सलग झोपू लागल्या.

आता चुका. रंगाचे दोन हात दिले, पण पाण्याच्या टाकीमागचं शेवाळ आम्ही घाईत नीट खरवडलं नाही. पहिल्याच पावसात तिथे पोपडे निघाले. गच्चीच्या एका बाजूला जुनं डांबरी वॉटरप्रूफिंग होतं. त्यावर आधी वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर डांबर वर येतं. आमचा तो भाग महिन्याभरात पिवळट तपकिरी झाला. कंपनीला फोन केला तर दोष आमच्या गच्चीचा म्हणाले. डब्यावर डांबराबद्दल एक ओळ होती, पण भिंग घेऊन वाचावी एवढी बारीक. याचा राग मला अजून आहे, कारण हा रंग घेणाऱ्या कितीतरी घरांना दुसऱ्यांदा खर्च झेपणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: धूळ. दुसऱ्या उन्हाळ्यात तीच बंदूक, तीच वेळ, जवळपास तेवढंच ऊन, आणि पांढरा भाग ५०. रंग उडाला नव्हता, मळला होता. आधी कोरडा झाडून मग दोन बादल्या पाण्यात ओल्या पोच्याने पुसला, तेव्हा ४५ वर आला. तेव्हापासून गच्चीच्या दाराला पाळीचा कागद लावलाय, दर महिन्याला दोन घरं. त्याच कागदावर खाली एकट्या राहणाऱ्या वयस्करांची नावं आहेत. पुसून खाली उतरताना त्यांचं दार वाजवायचं, पाणी प्यायलात का विचारायचं. मागच्या वर्षी ऐन तडाख्यात तळमजल्यावरच्या काकांना चक्कर आली, ती अशाच एका फेरीत लक्षात आली. त्यांना लगेच वर हॉलमध्ये आणून ओल्या फडक्याने अंग पुसलं, आणि दवाखान्यात वेळेत नेता आलं.

काही गोष्टी हा रंग करत नाही. मधल्या आणि खालच्या मजल्यांना त्याचा फारसा फायदा नाही, त्यांना हॉलचाच आधार. डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर गळती थांबवत नाही, भेगा आधी भरून घ्या. जिथे हिवाळ्यात घर तापवावं लागतं तिथे तो खर्च थोडा वाढतो. ओला असताना पाय घसरतो. समोरच्या उंच इमारतीच्या खिडकीत तिरीप जाते. त्यांना आधी सांगून ठेवलं तर भांडण होत नाही. रंग पहाटेच लावा, काळा चष्मा घालून.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो त्या बारीक अक्षरांसाठी. टाकीमागचा कोपरा यंदा पावसाआधी तारेच्या ब्रशने घासून परत करायचा आहे; डांबरी बाजूचा प्रायमर आणून ठेवलाय.